अप्रेंटिसशिप मधेच तुटली तर: राजीनाम्यावर सही करायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. एचआरने केबिनमध्ये बोलावलं आणि "ऑर्डरी नाहीयेत रे, उद्यापासून येऊ नकोस, इथं सही कर" असं म्हणाला तर तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा, आणि त्यात "मी माझ्या वैयक्तिक कारणामुळे शिकाऊ उमेदवारी सोडत आहे" असं काही लिहिलेलं असेल तर सही करू नका. हात जोडून सांगतो, करू नका. "घरी वडिलांना दाखवून उद्या देतो" म्हणा, जमलं तर मोबाईलमध्ये फोटो काढा आणि बाहेर या. तो आवाज चढवेल, सही केली नाहीस तर राहिलेला स्टायपेंड मिळणार नाही म्हणेल, पण केलेल्या महिन्याचा स्टायपेंड हा तुमचा हक्काचा आहे, नियमात तो पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत द्यायचा असं लिहिलंय, आणि तो देण्यासाठी राजीनामा घ्यावा असं कुठंही लिहिलेलं नाही.

मी आयटीआय फिटर. २०१९ च्या जानेवारीत भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागलो, नाव लिहीत नाही. त्या वर्षी गाड्यांचा धंदा किती बसला होता ते पिंपरी-चिंचवड, चाकणच्या लोकांना आठवत असेल, शिफ्टा कमी झाल्या, आठवड्यातून दोन-दोन दिवस प्लांट बंद, आधी कंत्राटी पोरांना ब्रेक दिला आणि ऑगस्टमध्ये आमचा नंबर लागला. माझे ७ महिने झाले होते, ५ राहिले होते. आम्ही सहा जण होतो आणि सहाही जणांना एकाच दिवशी एकेक करून आत बोलावलं. पाच जणांनी सही केली. माझ्याही हातात पेन दिला होता, पण स्टोअरमधले एक काका सकाळीच गेटवर हळूच म्हणाले होते, "पोरा, सही नको करू, आधी बीटीआरआयला जा." बीटीआरआय म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं काम बघणारं सरकारी केंद्र, हे मला तेव्हा नीट माहीत पण नव्हतं. त्या एका वाक्यावर माझे ७ महिने वाचले, म्हणून हे सगळं लिहितोय.

सहीचं एवढं काय असं वाटेल, तर ऐका. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ मध्ये कलम ७ आहे, करार मधेच तोडायचा असेल तर कंपनीने किंवा आपण शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा असतो आणि निर्णय तो सल्लागार देतो, एचआर नाही. करारातल्या अटी पाळायला कंपनी कमी पडली म्हणून करार तुटला असं ठरलं तर कंपनीने तुम्हाला शेवटच्या स्टायपेंडच्या तीन महिन्यांएवढी भरपाई द्यायची. आणि उलट, तुम्ही कमी पडलात असं ठरलं तर तेवढीच रक्कम प्रशिक्षणाचा खर्च म्हणून तुमच्याकडून किंवा पालकांकडून वसूल होऊ शकते! महिना ७००० स्टायपेंड धरला तर २१,००० इकडे की तिकडे असा प्रश्न आहे, आणि "वैयक्तिक कारण" हे दोन शब्द तुम्हाला थेट चुकीच्या बाजूला नेऊन ठेवतात. पैशांपेक्षा पण मोठी गोष्ट म्हणजे झालेले महिने, त्याच्याकडे खाली येतो.

आता, तुम्ही खरंच कायद्यातले अप्रेंटिस आहात का ते आधी बघा. हे विचित्र वाटेल पण खूप मुलांना माहीत नसतं. गेटपासवर "ट्रेनी" लिहिलेलं असतं, एजन्सीचा माणूस बस भरून मुलं आणतो, आणि मुलाला वाटतं आपण अप्रेंटिसशिप करतोय. अप्रेंटिसशिप इंडियाच्या सरकारी पोर्टलवर तुमच्या लॉगिनला करार दिसला पाहिजे, त्यावर करार क्रमांक, ट्रेडचं नाव, सुरू आणि संपायची तारीख, कंपनीचं नाव. तो असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू. डिप्लोमा किंवा डिग्रीवाल्यांचं पोर्टल वेगळं, त्यांनी मुंबईत सायनला पश्चिम विभागाचं शिकाऊ प्रशिक्षण बोर्ड आहे तिकडे जायचं. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत असाल तर ती २०२४ ची राज्याची वेगळी योजना आहे, तिला हे नियम लागू नाहीत. आणि पोर्टलवर काहीच नसेल, नुसतं एजन्सीचं ऑफर लेटर असेल, तर तुम्हाला कामगार म्हणूनच वापरलंय असं मी तरी म्हणेन, मग कामगार आयुक्त कार्यालयाचा रस्ता धरा.

खऱ्या अप्रेंटिसला मात्र कामगार आयुक्ताकडे जाऊन फार हाती लागत नाही. कायद्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही, त्यामुळे कामगाराला कपातीत जी भरपाई मिळते ती आपल्याला नाही. कंपनीतल्या युनियनवाल्यांनी हात वर केले तर त्यांच्यावर राग धरू नका, त्यांच्या हातात ते नसतं. आपलं दार वेगळं आहे.

ते दार म्हणजे बीटीआरआय, मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र. बहुतेक जिल्ह्यांत ते सरकारी आयटीआयच्या आवारात किंवा जवळपास असतं, तिथं सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागार बसतात. तुमची कंपनी चार किंवा जास्त राज्यांत असेल तर ती केंद्राच्या अखत्यारीत जाते, म्हणजे मुंबईचं प्रादेशिक संचालनालय, पण माझं मत असं की तरीही पहिल्यांदा बीटीआरआयमध्येच जाऊन विचारा, कुठं अर्ज द्यायचा ते सांगतील. फोनवर काम होत नाही. सकाळी जा, झेरॉक्स घेऊन जा.

पण तिकडे जायच्या आधी, किंवा खरं तर गेटच्या बाहेर पडायच्याही आधी, कागद गोळा करा, कारण एकदा गेटपास जमा झाला की सिक्युरिटी आत सोडत नाही आणि फोरमन फोन उचलत नाही. सगळ्यात महत्त्वाची लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाची वही. बरेच जण ती शेवटच्या महिन्यात एका बैठकीत लिहून काढतात, तसं करू नका. माझ्या वहीतलं एक पान सांगतो म्हणजे कळेल काय असलं पाहिजे. वर तारीख, खाली "एमएस फ्लॅट, फाइलिंग, ५० बाय ५०, काटकोन ट्राय स्क्वेअरने चेक, माप व्हर्नियरने, ०.०२ लीस्ट काउंट", बाजूला जॉबचा हाताने काढलेला स्केच, किती तास ते, आणि खाली फोरमनची तिरकी सही आणि तेलाच्या बोटाचा ठसा. तो ठसा बघून बीटीआरआयमधल्या साहेबांनी पान उलटलं नाही, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही वही खरी आहे." त्यांनी त्यानंतर मला खुर्ची दिली.

तर वहीत ज्या पानांवर सही राहिलीय तिथं त्याच दिवशी फोरमनला गाठून घ्या. फोरमन लोक यात बहुतेक वेळा आपल्या बाजूने असतात, त्यांनाही वाईट वाटत असतं, फक्त त्यांना अवघड वाटेल असं काही मागू नका, झालेल्या कामाची सही मागा. मग कराराची प्रत पोर्टलवरून पीडीएफ काढून ठेवा. बँकेचं स्टेटमेंट, पहिल्या स्टायपेंडपासून. हजेरीचा काही पुरावा, पंचिंगचा फोटो, शिफ्टचं शेड्यूल, व्हॉट्सॲप ग्रुपवर सुपरवायझरने टाकलेले मेसेज, यांचे स्क्रीनशॉट ग्रुपमधून काढून टाकायच्या आधी घ्या, मला त्याच संध्याकाळी काढलं होतं. आणि कंपनीकडे लेटरहेडवर एक पत्र मागा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या ट्रेडमध्ये प्रशिक्षण घेतलं. दिलं तर उत्तम, नाही दिलं तर मागितल्याचा ईमेल तरी तुमच्याकडे राहतो.

आता मुख्य मुद्दा, जो कुणी सांगत नाही. कायद्याचं कलम ५. तुमची कंपनी कुठल्याही कारणाने करार पूर्ण करू शकत नसेल, तर दुसरी कंपनी, पहिली कंपनी आणि तुम्ही, तिघांची सहमती आणि सल्लागाराची मंजुरी मिळाली की राहिलेला काळ दुसऱ्या कंपनीत पूर्ण करता येतो आणि तोच करार पुढं चालू धरला जातो. म्हणजे ७ महिने झालेत तर फक्त ५ करायचे. पुन्हा शून्यापासून नाही. यात पहिल्या कंपनीवर कसला ठपका पण येत नाही, त्यामुळे एचआरला हेच समजावून सांगा, "सर, मला तक्रार करायची नाहीये, फक्त कलम ५ खाली ट्रान्सफरला सही द्या." तक्रारीच्या धाकापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं असा माझा अनुभव, माझ्या एचआरने आठ दिवस टाळाटाळ केली पण बीटीआरआयचं पत्र गेल्यावर सही दिली.

समजा करार आधीच तुटला, पोर्टलवर रद्द झाला, तरी सगळं संपत नाही. कलम ७ च्या चौथ्या पोटकलमात आहे की आधीचा करार आधीच्या कंपनीच्या चुकीमुळे पूर्ण झाला नाही अशी सल्लागाराची खात्री पटली तर नवीन कंपनीच्या कालावधीत जुने महिने धरायची परवानगी ते देऊ शकतात. लक्ष द्या, "देऊ शकतात" आहे, आपोआप होत नाही, मागावं लागतं आणि चूक कंपनीची होती हे कागदावर दिसावं लागतं. आणि इथंच तो राजीनामा आडवा येतो. माझ्या त्या पाच मित्रांपैकी दोघांनी नंतर दुसरीकडे अप्रेंटिसशिप धरली आणि दोघांनाही पूर्ण १२ महिने नव्याने करावे लागले, कारण त्यांच्या फाइलला त्यांच्याच सहीचा कागद लावलेला होता. बाकी तिघं कंत्राटी कामाला लागले, ते परत या रस्त्याला आलेच नाहीत. चांगली हाताची पोरं होती ती, त्यातल्या एकाचं स्क्रेपिंग, म्हणजे धातू खरवडून सपाट करायचं काम, आमच्या सगळ्यांत भारी होतं. मला अजून वाईट वाटतं.

अर्ज कसा लिहायचा हे खूप जण विचारतात, तर साधा लिहा, साधारण असा:

"प्रति, मा. सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागार. विषय: शिकाऊ उमेदवारीचा उर्वरित कालावधी दुसऱ्या आस्थापनेत पूर्ण करण्याबाबत. महोदय, मी अमुक आस्थापनेत फिटर व्यवसायात अमुक तारखेपासून शिकाऊ उमेदवार असून माझा करार क्रमांक अमुक आहे. आस्थापनेने काम कमी असल्याचे कारण सांगून अमुक तारखेपासून माझे प्रशिक्षण बंद केले आहे. मी स्वतःहून प्रशिक्षण सोडलेले नाही व पूर्ण करण्यास तयार आहे. माझे ७ महिने पूर्ण झाले असून ५ महिने बाकी आहेत. तरी शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ च्या कलम ५ नुसार उर्वरित कालावधी दुसऱ्या आस्थापनेत पूर्ण करण्यास मदत व मंजुरी मिळावी. ते शक्य नसल्यास कलम ७ नुसार नुकसानभरपाई व झालेला कालावधी ग्राह्य धरण्याबाबत निर्णय व्हावा. अमुक महिन्याचे विद्यावेतन थकीत आहे."

यातलं "मी स्वतःहून प्रशिक्षण सोडलेले नाही" हे वाक्य काहीही झालं तरी गाळू नका. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, तीच पोच. कंपनीला याची प्रत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीत चिकटवून ठेवा. सल्लागाराचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येतं. आणि नुसतंच उत्तर येत नसेल तर महिनाभर वाट बघत बसू नका, "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार टाका किंवा १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा, फाइल हलते.

दुसरी कंपनी शोधणं हे मात्र आपल्यालाच करावं लागतं, बीटीआरआय मदत करतं पण हाताला धरून नेत नाही. इथं एक आकडा लक्षात ठेवा, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ माणसांवाले स्वतःच्या इच्छेने घेऊ शकतात. म्हणजे २०० माणसांच्या कंपनीत कमीत कमी ५ अप्रेंटिस पाहिजेतच. कुणाचा कोटा रिकामा आहे हे सल्लागाराच्या ऑफिसला कळतं, म्हणून तिथं गेल्यावर "साहेब, फिटरच्या जागा कुठं रिकाम्या आहेत?" असं सरळ विचारा. मला तिथूनच चार कंपन्यांची नावं मिळाली. मग सकाळी फर्स्ट शिफ्ट आत गेल्यावर, साधारण साडेआठ-नऊला, गेटवर जाऊन टाइम ऑफिसला निरोप द्यायचा. "अप्रेंटिसची जागा आहे का" असं विचारलं की "नाही" येतं. "सर, नवीन नाही, ७ महिने झालेत, लॉगबुक आहे, ५ महिने बाकी आहेत, आधीच्या कंपनीची ट्रान्सफरला हरकत नाही" असं सांगितलं की आत बोलावतात, कारण त्यांना कानस कशी धरायची इथपासून शिकवावं लागत नाही. शिवाय सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं, छोट्या कंपनीच्या मालकाला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा. तो भाग आता थेट तुमच्या आधार लिंक खात्यात येतो, तर खातं लिंक आहे ना तेही बघून घ्या.

ट्रेड तोच पाहिजे. फिटरचा करार आहे आणि नवीन कंपनी टर्नरच्या जागेवर घेते म्हणाली तर घाईने हो म्हणू नका, झालेले महिने त्यात बसत नाहीत. आणि जुना करार पोर्टलवर चालू दिसत असताना कुणी नवीन १२ महिन्यांचा करार टाकतो म्हणालं तरी थांबा, आधी सल्लागाराला विचारा.

मधल्या काळात पैशांची ओढाताण होते, त्यावर माझ्याकडे काही जादू नाही. रूमचं भाडं, मेस, घरी पाठवायचे. कंत्राटी काम लगेच मिळतं आणि हातात स्टायपेंडपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे मन तिकडं ओढतं. मी दीड महिना गावाकडे एका फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्रिल आणि गेट बनवायला गेलो, रोजच्या रोज पैसे, आणि दर सोमवारी पुण्याला बीटीआरआयमध्ये चक्कर. तुम्हाला जे जमेल ते करा, पण एनएसी, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, हातचं सोडू नका. सरकारी आणि मोठ्या कंपन्यांच्या कितीतरी तांत्रिक भरत्यांमध्ये आयटीआयबरोबर ते मागतात, आणि दुसरीकडून, बऱ्याच सरकारी कंपन्यांच्या अप्रेंटिस जाहिरातीत आधी कुठं अप्रेंटिसशिप केलेल्याला घेत नाहीत, म्हणजे अर्धवट सोडून नंतर निवांत दुसरी करू असं म्हणणाऱ्याचे दोन्ही रस्ते बंद होऊ शकतात.

घरी त्याच दिवशी सांगा. मी नाही सांगितलं. नऊ दिवस मावशीकडून सकाळी डबा घेऊन निघायचो, दिवसभर बागेत बसायचो, दुपारी डबा खायचो आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला परत. दहाव्या दिवशी वडिलांचा फोन आला आणि मला बोलताच येईना. ते एवढंच म्हणाले, "कंपनी बंद पडली तर त्यात तुझं काय चुकलं?" आणि दुसऱ्या दिवशी ते एसटीने पुण्याला आले आणि माझ्याबरोबर बीटीआरआयमध्ये आले. ते नऊ दिवस मी अर्ज करण्यात घालवले असते तर एक महिना आधी लागलो असतो. आणि १८ च्या आतले असाल तर करारावर पालकांची सही असते, त्यांच्याशिवाय हे काम पुढं जातच नाही.

कामावर असताना हाताला वगैरे लागलेलं असेल आणि त्याचं काही मिळालं नसेल तर तेही आत्ताच अर्जात लिहा. अप्रेंटिस कामगार नसला तरी प्रशिक्षणात झालेल्या इजेची भरपाई कंपनीवर आहे, कलम १६.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी चाकणला दुसऱ्या कंपनीत रुजू झालो. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी करायची गोष्ट म्हणजे पोर्टल उघडून करारातली संपायची तारीख बघणं, माझ्या करारावर चुकून पूर्ण वर्ष पडलं होतं, लगेच सांगितलं म्हणून दुरुस्त झालं, तीन महिन्यांनी कळलं असतं तर अडकलो असतो. ट्रेड टेस्टच्या फॉर्मच्या वेळेला पण जुन्या आणि नव्या दोन्ही कंपनीचा काळ मिळून पूर्ण दिसतोय का ते बीटीआरआयमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा. माझी परीक्षा लॉकडाऊनमुळे लांबली पण बसता आलं.

आणि नवीन वही घेऊ नका. जुन्याच वहीत पुढच्या पानावर तारीख टाका, कंपनीचं नवीन नाव लिहा, नवीन फोरमनची सही घ्या.